तेल तोडलं, भात वाढला

गावात कोणाची साखर वाढली, कोणाच्या छातीत कळ आली, कोणाला भंडाऱ्याला नेऊन तपासण्या करून आणलं, हे मला घरच्यांनी सांगायच्या आधी बहुतेक वेळा उधारीची वही सांगते. महिन्याला पाच पाऊच तेल नेणारं घर एकाएकी दोनवर येतं. मग चार दिवसांनी सून दबकत विचारते, "काकू, ओट्स हायेत का?" ओट्स मी ठेवते आता. भंडारा जिल्ह्यातल्या आमच्या करडी गावात किराणा दुकान चालवायचं तर डॉक्टरांच्या चिठ्ठीचाही अंदाज ठेवावा लागतो.

ती चिठ्ठी इतक्या घरांतून पाहिली आहे की पाठ झाली आहे. तेल-तूप बंद. तळलेलं बंद. शेंगदाणे, खोबरं बंद. अंड्यातला बलक बंद. दूध साय काढून. आणि वर पेनाची रेघ मारून: कमी चरबीचा आहार. भाताबद्दल त्या कागदावर बहुधा अक्षर नसतं. असलंच तर शेवटून दुसऱ्या ओळीत ‘भात कमी’ एवढे दोन शब्द. आमच्याकडे सकाळी भात, संध्याकाळी भात आणि रात्रीचा उरला तर दुसऱ्या दिवशी न्याहारीला फोडणीचा भात. धानाच्या जिल्ह्यात हा कागद वाटणाऱ्यांनी इथल्या ताटात एकदा तरी डोकावून पाहिलं आहे का? माझं म्हणणं असं की, आमच्याकडच्या माणसाला सगळ्यात आधी तेल तोडायला सांगणं म्हणजे दुखणं एकीकडे आणि पट्टी दुसरीकडे.

वहीतला हिशेबच मांडते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं मे २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली. दिवसाला २००० कॅलरी लागणाऱ्या माणसाचं ताट त्यात ग्रॅममध्ये दिलं आहे: धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्यं ८५, भाज्या ४००, दाणे आणि तेलबिया ३५, दूध ३०० मिली, तेल-तूप २७ ग्रॅम. ग्रॅमचं महिन्यावर नेणं हा तर आमचा धंदाच. २७ ग्रॅम तेल म्हणजे महिन्याला माणशी ८१० ग्रॅम, म्हणजे धरून चाला एक पाऊच. (पाऊच म्हणजे लिटर हा समज मात्र सोडा. लिटरभर तेल ९१० ग्रॅमच्या आसपास भरतं. हल्ली ८५०, ८००, ७५० ग्रॅमचीही पाऊच येतात आणि गिऱ्हाईक ती लिटर समजूनच नेतं.) पाच माणसांच्या घराला पाच पाऊच. ते घर पाचच नेत होतं! ज्या गोष्टीवरून त्यांना रागावून पाठवलं, त्या गोष्टीत ते जवळजवळ काट्यावर होते.

आता डाळ. रोज ८५ ग्रॅम, म्हणजे महिन्याला माणशी अडीच किलो आणि पाच जणांना साडेबारा. साडेबारा किलो डाळ नेणारं घर माझ्या दुकानानं अजून पाहिलेलं नाही. दोन-तीन किलो तूर, किलोभर चना, मसूर झाली तर झाली. तुरीचा भाव चढला की तीन किलोचे दोन होतात आणि वरण पातळ होतं. त्यावर कोणी चिठ्ठी लिहून देत नाही.

राहिलं धान्य. माणशी साडेसात किलो. इथे माझी वही मुकी, कारण तांदूळ माझ्याकडून नेतो कोण? घरचा धान असतो, वरून रेशनचं माणशी पाच किलो, तेही जानेवारी २०२३ पासून फुकट. पण डोळ्यांना दिसतं ते दिसतं. धानाच्या रोवणीच्या दिवसांत एका बाईच्या पोटात दिवसाला अर्धा किलो तांदूळ सहज जातो, आणि तो जिरतोही. पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, उपटून, दिवसभर चिखलात कंबर मोडून वाकलेल्या बाईला काय जिरत नाही? गंमत पुढे आहे. तेवढाच भात गल्ल्यावर बसणाऱ्याच्या, मास्तरांच्या, ट्रॅक्टर आल्यापासून धानाच्या बांधीत पाय न घातलेल्या पाटलांच्या ताटात जसाच्या तसा राहिला. काम गेलं, भात राहिला.

आमच्या घरीही ती चिठ्ठी आली. आमचे हे अंगानं बारीक. पोट आहे, पण शर्टात झाकलं जाईल एवढंच. तपासणीत ट्रायग्लिसराइड २९० निघालं. हवं दीडशेच्या आत. झालं, तेल-तूप बंद. नवरा माझा पथ्याचा पक्का. त्यानं थेंबाला शिवायचं नाही म्हटलं की शिवत नाही. मी वांगी, वालाच्या शेंगा, मेथी सगळं नुसत्या पाण्यावर शिजवू लागले. बिनफोडणीच्या त्या भाजीनं पोट काही भरेना, म्हणून भात एक वाढी जास्त जाऊ लागला. चार वाजले की भूक, मग चहा आणि वर ‘लाइट’ लिहिलेली बिस्किटं, आमच्याच दुकानातली. पुढच्या तपासणीत आकडा खाली यायचं सोडा, थोडा वरच सरकला. "काका, चोरून खाता काय?" असं त्यांना विचारण्यात आलं. चोरून काहीच नव्हतं हो, सगळं ताटात उघडं पडलं होतं.

रक्तात सापडणारी ही चरबी सगळी खाल्लेल्या तेलातून येत नाही. भात, मैदा, साखर गरजेपेक्षा जास्त पोटात गेली की यकृत त्यातूनच चरबी तयार करतं आणि रक्तात सोडतं. हे आम्हाला माझ्या भाचीनं समजावलं. ती नागपूरला आहारशास्त्र शिकते. तिच्या सांगण्यावरून भात एका वाटीवर आला, वरण घट्ट झालं, रोजचं एक अंडं बलकासकट सुरू झालं, भाजीची फोडणी परतली, ताटात जवसाची चटणी आली, आणि जेवल्यावर हे बस स्टँडपर्यंत चालून येऊ लागले. आकडा दोनशेच्या खाली उतरला. एका नवऱ्याच्या रक्तावरून जगाला शहाणपण शिकवू नये, तेवढं मला कळतं. म्हणून जगाचंही थोडं.

तेल-तूप हाच काळजाचा वैरी, ही समजूत पसरली अमेरिकेतून. ॲन्सेल कीज नावाच्या संशोधकानं १९५८ पासून सात देशांतल्या पुरुषांचा आहार आणि हृदयविकार यांचा माग ठेवला. लोणी, मांस यांतली घट्ट, म्हणजे संपृक्त चरबी जिथे जास्त, तिथे हृदयविकार जास्त, असं त्याला दिसलं. ते काही खोटं नव्हतं. पण त्याच अभ्यासात ग्रीसच्या क्रीट बेटावरचे शेतकरी होते. त्यांच्या जेवणात ऑलिव्हचं तेल भरपूर, आणि काळीज मात्र ठणठणीत. १९७७ मध्ये अमेरिकेच्या सिनेटमधल्या एका समितीनं देशासाठी आहाराची उद्दिष्टं जाहीर केली, आणि लोकांपर्यंत पोचता पोचता त्यातलं ‘चरबी कमी करा’ एवढंच शिल्लक राहिलं. कंपन्यांना काय, त्यांनी चरबी काढली, जागा साखर-मैद्यानं भरली आणि पाकिटावर ‘लो फॅट’ छापलं.

मग हे तपासून पाहायची वेळ आली. अमेरिकेतच ४८,८३५ बायकांवर मोठा प्रयोग झाला. एका गटाला कमी चरबीचा आहार, दुसऱ्या गटाला नेहमीचा. आठेक वर्षं पाठपुरावा. २००६ मध्ये निकाल आला: हृदयविकारात आणि लकव्यात म्हणण्यासारखा फरक नाही. उलट स्पेनमध्ये एका गटाला ऑलिव्ह तेल, दुसऱ्याला बदाम-अक्रोड आणि तिसऱ्याला चरबी कमी करायचा सल्ला दिला, तेव्हा पहिल्या दोन गटांत हृदयविकार, लकवा असले झटके तिसऱ्यापेक्षा सुमारे ३० टक्के कमी निघाले. २०१३ चा हा अभ्यास पद्धतीतल्या त्रुटींमुळे मागे घ्यावा लागला होता; २०१८ मध्ये नव्यानं हिशेब करून छापला, निष्कर्ष तोच राहिला.

आणि भाताचं? २०२० मध्ये २१ देशांचा एक अभ्यास आला. शिजलेला पांढरा भात दिवसाला ४५० ग्रॅम किंवा जास्त खाणाऱ्यांची तुलना १५० ग्रॅमपेक्षा कमी खाणाऱ्यांशी केली. आपल्या दक्षिण आशियात जास्त भात खाणाऱ्यांना मधुमेह होण्याचा धोका ६१ टक्क्यांनी अधिक दिसला. ४५० ग्रॅम शिजलेला भात म्हणजे साधारण दीडशे ग्रॅम तांदूळ. आमच्याकडे तेवढा पाहुण्याला पहिल्या वाढीत घालतात.

या सगळ्याचा अर्थ तूप ढोसा असा कोणी काढू नये. मध्यंतरी महाराष्ट्रात घरोघरी ‘दीक्षित की दिवेकर’ ही लढाई पेटली होती. डॉ. जगन्नाथ दीक्षितांचे दोनदा जेवणारे आणि ऋजुता दिवेकरांचे तूपवाले, दोन्ही पंथांचे लोक माझ्या दुकानाच्या ओट्यावर येऊन भांडून गेले आहेत. त्यातल्या कोणाच्याही अंगाला रोवणीचा चिखल लागलेला नव्हता, एवढंच मी नोंदवते.

मला त्याहून कामाचे वाटतात ते पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक. २००४ मध्ये त्यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचा आणि जॉन युडकिन या इंग्रज डॉक्टरचा फोटो शेजारी शेजारी छापला. उंचीच्या मानानं दोघांचं वजन सारखंच, बॉडी मास इंडेक्स दोघांचा २२.३. पण अंगातली चरबी मोजली तर इंग्रजाच्या अंगात ९.१ टक्के आणि आपल्या मराठी डॉक्टरांच्या अंगात २१.२ टक्के. पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळंही त्यांनीच मोजली. वजन सरासरी २.७ किलोच्या आसपास, इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा खूप हलकी. कमी पडलं होतं ते मुख्यतः मांस, चरबी त्या मानानं टिकून होती. बारीक दिसणाऱ्या माणसाच्या आत चरबी दडलेली असते, याचा उगम आईच्या पोटापर्यंत जातो. आमच्या ह्यांचं बारीकपण मला तेव्हा उमगलं. अशा अंगाला हवी आहे डाळ, अंडं, दूध, मासळी आणि मेहनत. फोडणीचं चमचाभर तेल काढून घेतल्यानं त्याला मांस कसं चढणार?

आता तेल कुठलं, यावर बोलू, कारण खरी लबाडी इथे आहे. आमच्या भागात धान कापायच्या आधी उभ्या पिकात ओलीवर लाखोरी (लाखेची डाळ) आणि जवस टाकायची रीत होती. उतेरा म्हणतात त्याला. लाखोरीवर राज्यात बरीच वर्षं विक्रीबंदी होती, दुष्काळात फक्त तीच खाल्ली की पाय लुळे पडत म्हणून. ती गोष्ट वेगळी. पण जवसाचं तेल घरोघरी होतं. "आमच्या टायमाले भाजीत जवसाशिवाय तेल नव्हतं," असं म्हणणारे म्हातारे अजून दुकानात येतात, सोयाबीनचं पाऊच नेतात आणि चव नाही म्हणून कुरकुरतात. जवसाच्या तेलात निम्म्याहून जास्त वाटा ओमेगा-३ जातीच्या चरबीचा असतो, जिच्यासाठी शहरात लोक गोळ्या घेतात. त्याचं एक आहे, ते लवकर खवट होतं. थोडं थोडं काढून आणावं आणि फार कडकडीत तापवू नये. पुढे पाणी आलं, उन्हाळी धान आला, बांधीत हार्वेस्टरची चाकं फिरली, उतेरा मागे पडला आणि घाण्या बंद झाल्या. आमच्याच राईस मिलांमधला कोंडा, ज्यात पंधरा-वीस टक्के तेल असतं, ट्रकनं बाहेर जातो आणि राईस ब्रान तेल होऊन ‘हृदयासाठी उत्तम’ असं छापून माझ्याच फळीवर परत येतो.

आणि जे तेल खरोखर तोडायला हवं, ते घरच्या कढईत नाहीच. ते भाऊबीजेनंतर भरणाऱ्या मंडईच्या जत्रेत आहे. रात्रभर दंडारीचं लोकनाट्य चालतं, तंबूबाहेर वडे-भज्यांची कढई पेटलेली असते आणि तेल काळं होईस्तोवर बदलत नाही. मीच पिपे पुरवते, त्यामुळे कोण किती वेळा तेल बदलतो हे मला बरोबर ठाऊक असतं. ते लग्नाच्या पंगतीत आहे. फरसाणात, बिस्किटांत, खाऱ्या पाकिटांत आहे, जिथे तेल दिसतच नाही. बटाट्याच्या चिप्सचा तिसरा हिस्सा वजनानं तेल असतो आणि बहुतेक वेळा ते पामचं असतं. पामतेलातली जवळपास निम्मी चरबी संपृक्त. नीती आयोगाच्या २०२४ च्या अहवालात देशाचा खप वर्षाला माणशी १९.७ किलो दिला आहे. आमच्या पाच पाऊचवाल्या घरात माणशी जेवढं जातं, त्याच्या दुपटीकडे झुकणारा हा आकडा. तो येतो कुठून, हे शोधायला वैनगंगेच्या काठावरची चूल तपासायची गरज नाही.

सरकारचंही काही कळत नाही. जानेवारी २०२५ मध्ये पंतप्रधानांनी तेलाचा वापर दहा टक्क्यांनी कमी करा म्हणून आवाहन केलं, फेब्रुवारीत ‘मन की बात’मध्येही सांगितलं. आवाहन वाईट नाही. पण २०२२ च्या दिवाळीला आमच्या राज्य सरकारनं शंभर रुपयांत ‘आनंदाचा शिधा’ दिला, त्यात काय होतं? किलोभर रवा, किलोभर साखर, किलोभर चणाडाळ आणि लिटरभर पामतेल. चणाडाळ सोडली तर डॉक्टरांची चिठ्ठी उलटी धरून यादी केल्यासारखी! मुळात आवाहनानं तेल कमी होत नाही, भावानं होतं. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रानं आयात शुल्क वाढवलं आणि पाऊच महागलं, तेव्हा माझ्याकडचा खप लगेच घसरला. घसरला कुणाच्या घरचा? मजुरांच्या. ज्यांनी कमी करायला हवं होतं, त्यांच्या यादीत काडीचा फरक पडला नाही.

मजुरांवरून आठवलं, घरातही नको त्याचंच तेल तुटतं. ‘तेल वाईट’ हा संदेश घरात शिरला की तो रुग्णाच्या ताटापाशी थांबत नाही. स्वयंपाक एकच असतो. सासऱ्याचं तेल बंद झालं की गरोदर सुनेचं आणि दोन वर्षांच्या नातवाचंही बंद होतं. आईच्या दुधातली जवळजवळ निम्मी ऊर्जा चरबीतून येते. वरच्या अन्नाला लागलेल्या लेकराला एकदम पाणीदार वरणभातावर आणणं हा कसला आरोग्याचा मार्ग? छोट्या पोटात जास्त ऊर्जा घालायची तर चमचाभर तेल-तुपासारखं दुसरं काही नाही: ग्रॅमला नऊ कॅलरी, भातातल्या पिष्टाला चारच. अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वंही चरबीसोबतच अंगी लागतात. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची शंभरातली ३५ मुलं वयाच्या मानानं खुजी आणि ३६ कमी वजनाची निघाली. आणि गावात काय चालतं? म्हशीचं दूध डेअरीत, कारण तिथे फॅटवर पैसे मिळतात, आणि पोरांच्या कपात काळा चहा. याबद्दल कोणी कागद छापलेला मी पाहिला नाही.

कमी चरबी ज्यांना खरंच लागते ते लोक आहेत. स्वादुपिंडाला सूज आलेले, पित्ताशयातल्या खड्यांचा त्रास असलेले, ट्रायग्लिसराइड हजाराच्या घरात गेलेले, अशांना डॉक्टर तेल तोडायला सांगतात ते अगदी बरोबर. त्यांनी वर्तमानपत्र वाचून पथ्य मोडू नये. पाच माणसांच्या घरात दहा पाऊच जात असतील तर त्यांनाही माझं हेच सांगणं, गिऱ्हाईक तुटलं तरी चालेल. बाकीच्यांसाठी मला एवढंच हवं आहे की आरोग्य केंद्रातून मिळणाऱ्या कागदावर पहिली ओळ भाताची असावी, वाटीच्या मापात. दुसरी डाळीची, महिन्याच्या किलोत, कारण घरची बाई सामान महिन्यानं भरते. तेलासाठी ‘बंद’ न लिहिता ‘माणशी एक पाऊच’ लिहावं. आणि खाली स्पष्ट म्हणावं, हे लेकरांना आणि गरोदर बाईला लागू नाही.

माझ्या दुकानापुरतं म्हणाल तर, पाच रुपयांच्या पाकिटांच्या माळा दर्शनी दारावर टांगलेल्या असायच्या, शाळेतून येणाऱ्या पोरांच्या नाकासमोर. गावातल्या आशाताई मागे लागल्या, मावशी, निदान आत तरी टांगा. टांगल्या आत. दारावर आता फुटाणे आणि शेंगदाण्याची पुडकी आहेत. पाकिटाइतकी खपत नाहीत, नफाही कमी, आणि बांधायला दुपार जाते. समोरच्या दुकानदारानं दुसऱ्याच दिवशी आपल्या माळा दुप्पट केल्या. ग्रामसभेत मी हा विषय काढणार आहे, म्हणजे नियम झाला तर दोघांनाही सारखा होईल. समोरचा म्हणतो, काकू, धंद्यात राजकारण आणू नका.